तीस गोळ्यांची बाटली आणि दहा दिवसांची फेरी: एका तांडेलाच्या एआरटी उपचाराचं प्रकरण

सिंधुदुर्ग किनाऱ्यावरच्या एका ट्रॉलरवरचे तांडेल, म्हणजे बोटीवरचे प्रमुख. ओळख पटू नये म्हणून गाव आणि बंदराचं नाव गाळलंय, वय आणि घरातले काही तपशील बदललेत. त्यांना इथे तांडेल म्हणूनच लिहिते. मी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरचं औषध देणाऱ्या केंद्रात, समुपदेशक. हे प्रकरण लिहायचं कारण असं की आमच्या रजिस्टरमध्ये यांच्या नावापुढे 'समुपदेशन केले' हा शिक्का अकरा वेळा आहे, आणि त्यातल्या निदान आठ वेळा मी चुकीच्या गोष्टीवर बोलत होते.

पार्श्वभूमी

जून २०१९. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे वर्षभर पाण्यावर असलेली माणसं या दोन महिन्यांत घरी सापडतात. दुखणंखुपणं, दात, चष्मा, मुलांचे दाखले, सगळं तेव्हाच उरकलं जातं. तांडेल सहा महिन्यांपासून वजन उतरतंय म्हणून ग्रामीण रुग्णालयात गेले, तिथल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही तपासणी केंद्रात, तपासणी झाली आणि चिठ्ठी घेऊन आमच्याकडे आले. सीडी४ (रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींची संख्या) २१२. क्षयरोगाची तपासणी निरंक. २०१७ पासून 'तपासा आणि उपचार करा' हे धोरण असल्यामुळे सीडी४ कितीही असला तरी औषध लगेच सुरू होतं. त्याप्रमाणे टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि इफाविरेन्झ असलेली एक गोळी रोज रात्री, अशी सुरुवात झाली.

पत्नीला त्यांनी स्वतःच सांगितलं. दोन दिवसांनी तिला घेऊन आले, तिची तपासणी झाली, निगेटिव्ह आली. घरात आई आणि शाळेत जाणारा मुलगा. आईला सांगायचं नाही, हे दोघांनी तिथल्या तिथे ठरवलं.

पहिले दोन महिने उत्तम गेले. माणूस तारखेला हजर, बाटलीत शिल्लक गोळी एकही नाही. मी कार्डावर 'आदर्श रुग्ण' असं लिहिल्याचं आठवतं. खरं तर तेव्हा बंदी होती आणि ते घरी होते, एवढाच त्याचा अर्थ होता.

अडचण

ऑगस्टला बोट पाण्यात गेली. ट्रॉलरची एक फेरी आठ ते दहा दिवसांची. किनाऱ्याला लागलं की मासळी उतरवायची, लिलाव, मालकाशी हिशेब, डिझेल, बर्फ, रेशन, आणि दीड दिवसात परत बाहेर. या दीड दिवसात तांडेलाला बंदर सोडता येत नाही, कारण जाळं फाटलेलं असतं आणि इंजिनाचं काहीतरी निघालेलं असतं. आमचं केंद्र त्यांच्या घरापासून पन्नासेक किलोमीटर. दोन एसट्या बदलायच्या, केंद्रात औषध मिळायची वेळ सकाळची, आणि औषध तीस दिवसांचं. म्हणजे महिन्यातल्या चार-साडेचार किनारदिवसांपैकी एक दिवस आमच्या चालू दिवशी, आमच्या वेळेत पडला पाहिजे. रविवार, सण, दुसरा-चौथा शनिवार वजा केले की काय उरतं ते कोणीही मोजू शकेल. मी मोजलं नव्हतं.

त्यात ती पहिली गोळी. इफाविरेन्झने सुरुवातीला अनेकांना गरगरतं, विचित्र स्वप्नं पडतात, म्हणून ती झोपताना घ्यायला सांगतात. ट्रॉलरवर रात्री झोप कसली? तीन-चार तासांनी जाळं ओढायचं. डेकवर ओलं, दोर हातात, आणि तांडेलाच्या भरवशावर बाकीचे सहा जण. जाळं टाकायच्या रात्री ते गोळी घेत नव्हते. हे त्यांनी मला सांगितलं नाही, आमच्या फार्मासिस्टला सांगितलं, तेही वर्षभराने. मी त्यांना 'गोळी वेळेवर घ्या' म्हणत होते आणि ते मान हलवत होते.

२०२१ मध्ये त्यांचं औषध बदलून डोल्युटेग्राविर असलेली गोळी आली. दिवसातून एकदा, कधीही, जेवणाआधी वा नंतर, गरगरणं जवळजवळ नाही. माझ्या मते प्रश्न सुटला होता. सुटला नव्हता.

ऑगस्ट २०२२ ला ते आले, महिन्याची बाटली घेऊन गेले आणि त्यानंतर आले नाहीत. सप्टेंबरमध्ये ड्यू लिस्टमध्ये, म्हणजे औषध न्यायची तारीख आलेल्यांच्या यादीत, नाव लाल झालं. फोन बंद. ऑक्टोबरमध्ये आमच्यातर्फे एक कार्यकर्ता घरी गेला. पत्ता नीट नव्हता म्हणून त्याने देवळाजवळच्या दुकानात विचारलं. त्या भागात त्याची मोटरसायकल कोणत्या कामासाठी फिरते हे बऱ्याच जणांना ठाऊक होतं. दुकानदाराने घर दाखवलं आणि संध्याकाळी आईला विचारलं, 'तुमच्याकडे हॉस्पिटलचो माणूस कित्याक इल्लो?' पत्नीने आशावर्करच्या सर्व्हेचं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण निरोप पोचला होता, आणि तो उलटा पोचला. तांडेल पूर्ण थांबले. औषध न नेता तीन महिने उलटले की माणूस आमच्या नोंदीत 'एलएफयू' (लॉस्ट टू फॉलो-अप, संपर्क तुटलेला) होतो. ते नोव्हेंबरअखेर झाले.

एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यात माणसाची स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. आमच्या कार्यकर्त्याने तोंडाने काहीच उघड केलं नव्हतं. मोटरसायकलने केलं.

जानेवारी २०२३ मध्ये पत्नी एकटी आली. ताप येतोय, खोकला आहे, बोटीवर गेले नाहीत, पण इथे यायलाही तयार नाहीत, असं सांगून ती बाकावर बसून राहिली. औषध द्या म्हणाली नाही. विचारलं फक्त, 'हजर नसलेल्या माणसाचं नाव कापतात काय?' नाव कापत नाहीत, हे तिला माहीत नव्हतं. चार दिवसांनी दोघं आले. खोकल्याच्या तपासणीत क्षयरोग निघाला नाही, साधा संसर्ग होता. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, ४८ हजारांवर.

त्या दिवशीचं बोलणं

एरवी मी अशा भेटीत आधी बाटली मागते, उरलेल्या गोळ्या मोजते आणि मग बोलते. त्या दिवशी मोजायला बाटलीच नव्हती. म्हणून असेल, बोलणं वेगळ्या वाटेने गेलं. मी विचारलं की मागच्या वर्षी तर मोजणी नेहमी बरोबर यायची, मग अचानक काय झालं?

ते पत्नीकडे बघून हसले. 'उरलेल्यो गोळयो खाडयेत टाकलंय. तुमी मोजतास म्हणान.'

म्हणजे आमच्याकडे यायच्या आदल्या संध्याकाळी, जेटीवर उभं राहून, चुकलेल्या दिवसांच्या गोळ्या पाण्यात. पुस्तकात शंभर टक्के, मी खूश, ते सुटले. आम्ही ज्याला पिल काउंट म्हणतो ती त्यांच्यासाठी परीक्षा होती, आणि परीक्षेत कॉपी कशी करायची हे कोणालाही शिकवावं लागत नाही.

मग मी विचारलं, गोळी घेणं एवढं जड का जातं. तेव्हा म्हणाले, 'माका गोळी जड नाय, मॅडम. डबो जड आसा.'

तीस गोळ्यांची ती पांढरी प्लॅस्टिकची बाटली बोटीवर खळखळते. केबिनमध्ये सात जणांच्या पिशव्या एकावर एक. कोणीतरी 'कसल्यो गोळयो?' विचारतोच. बीपीच्या म्हणावं तर बीपीची गोळी पट्टीत असते, हे खलाशांना माहीत आहे, दोघे घेतात. बाटलीवरचं नाव वाचून मोबाइलवर शोधणारा विशीतला पोरगाही बोटीवर असतो.

समोर असलेले पर्याय

डॉक्टर, फार्मासिस्ट आणि मी, तिघं बसलो. पहिला प्रश्न औषधाचा. आकडा मोठा आहे, तर पुढच्या पायरीचं औषध द्यायचं का? डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. चार महिने औषध पोटात गेलेलंच नाही, तेव्हा हा आकडा औषध हरल्याचा पुरावा होऊ शकत नाही. डोल्युटेग्राविरविरुद्ध विषाणू सहजासहजी तयार होत नाही. तेच औषध पुन्हा सुरू करायचं, काही महिने सलग जाऊ द्यायचं आणि मग पुन्हा तपासायचं. यावर वाद झाला नाही.

वाद झाला तो औषध कुठून आणि किती द्यायचं यावर.

मी सुचवलं ते लिंक एआरटी केंद्र. त्यांच्या घरापासून नऊ किलोमीटरवरच्या रुग्णालयात औषध मिळेल, पन्नास किलोमीटरची पायपीट वाचेल. कागदावर याहून सोयीचं काही नाही. तांडेलांनी एका वाक्यात उडवून लावलं. तिथला एक कर्मचारी त्यांच्याच वाडीतला. जवळचं केंद्र म्हणजे ओळखीचं केंद्र. लांबचा प्रवास ही त्यांची अडचण नव्हती, तो त्यांनी मुद्दाम विकत घेतलेला आडोसा होता. एचआयव्हीबाधितांना एसटीत मोफत प्रवासाची सवलत आहे, तीही त्यांनी कधी वापरली नाही. कंडक्टरला कार्ड दाखवायचं म्हणजे त्या मार्गावरच्या कंडक्टरला दाखवायचं. तिकीट काढून येत राहिले.

दुसरा पर्याय मी आधीच्या वर्षी दिलेला होता आणि आता लाज वाटते तो लिहायला: समुद्र सोडा, किनाऱ्यावरचं काम बघा. बर्फाच्या कारखान्यात, जाळी विणायला. तांडेलाला मिळणारा वाटा आणि जाळी विणण्याची मजुरी यात किती अंतर आहे हे मी विचारलंही नव्हतं. शिवाय वयाच्या चाळिशीत तांडेल बोट सोडतो तेव्हा बंदरात पहिला प्रश्न 'कित्याक?' हाच असतो.

तिसरा: तीन महिन्यांचं औषध एकदम, आणि ते पत्नीच्या हाती. इथे नियम आडवा आला. एकापेक्षा जास्त महिन्यांचं औषध स्थिर रुग्णाला द्यायचं, म्हणजे नियमित येणारा आणि व्हायरल लोड दबलेला. हे तर नुकतेच परत आलेले, लोड ४८ हजार. वर असा लोड आला की दर महिन्याला समुपदेशनाच्या ठरावीक फेऱ्या आल्याच. म्हणजे जो माणूस दरमहा येऊ शकत नाही म्हणून बिघडला, त्याला सुधारण्यासाठी दरमहा यायला सांगायचं आणि दरमहा येऊन दाखवलं की मग दरमहा यायची गरज नाही असं सांगायचं.

नियमामागे कारण आहे. तीन महिन्यांच्या बाटल्या घेऊन माणूस नाहीसा झाला तर औषधही गेलं आणि तीन महिने कळणारही नाही. फार्मासिस्टचा आक्षेप हाच होता आणि तो खोटा नव्हता.

पारडं फिरलं ते व्हाइट कार्डामुळे, म्हणजे केंद्रातल्या त्यांच्या नोंदींच्या कार्डामुळे. डॉक्टर बोलता बोलता मागची पानं चाळत होते आणि २०२० वर थांबले. कोविडच्या टाळेबंदीत सगळ्यांनाच दोन-तीन महिन्यांचं औषध एकदम दिलं जात होतं. तांडेलांची त्या वर्षीची ओळ स्वच्छ होती. सगळ्या तारखा बरोबर, व्हायरल लोड हजाराच्या आत. २०२१ अखेर आम्ही त्यांना पुन्हा महिन्यावर आणलं आणि तिथून घसरण सुरू झाली. हे कार्ड चार वर्षं माझ्या टेबलावरून जात होतं.

काय केलं

डॉक्टरांनी दोन महिन्यांचं औषध दिलं आणि कार्डावर कारण लिहिलं: व्यवसायामुळे मासिक भेट अशक्य, २०२० मधील नियमितता पाहता. खाली सही. मार्चपासून तीन महिन्यांचं, पत्नीच्या हाती. त्या दिवशी ती डॉक्टरांना म्हणाली होती, 'तेंका रागावा नको. तीन म्हयन्यांच्यो दिलास तर मी येतंय न्हेवक.' त्याच मार्चमध्ये एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. आमच्या हिशेबात नव्हतं, पण दोन एसट्यांच्या प्रवासात तो फरक तिने मला लगेच सांगितला.

बाटलीचं काम फार्मासिस्टने अंगावर घेतलं. औषध मूळ बाटलीतच ठेवा असं आम्ही सांगतो, कारण दमट हवेत गोळ्या खराब होतात, आणि बोटीहून दमट जागा कुठली? तेव्हा मूळ बाटल्या घरी, कपाटात. फेरीपुरत्या दहा-बारा गोळ्या घट्ट झाकणाच्या एका छोट्या डबीत, आत ओल शोषणारी पुडी, आणि वर कापसाचा बोळा. कापूस खळखळ थांबवायला. तिथल्या तिथे त्यांच्या हातात डबी देऊन हलवून बघायला सांगितली. त्यांनी कानाशी नेऊन दोनदा हलवली.

गोळीची वेळ ठरवताना आणखी एक निघालं. तांडेलांना पित्ताचा त्रास, रात्रीच्या तिखट कढीनंतर अ‍ॅसिडिटीची गोळी चघळायची सवय. डोल्युटेग्राविर आणि अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमची अ‍ॅसिडिटीची गोळी एकत्र पोटात गेली तर औषध नीट शोषलं जात नाही. औषध त्या गोळीच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावं लागतं. २०२१ पासून आम्ही हे विचारलंच नव्हतं. 'दुसरी काही औषधं घेता का?' याला ते 'नाही' म्हणत, कारण चघळायच्या गोळीला ते औषध धरतच नव्हते. मग वेळ सकाळची ठरली, पहिल्या चहाबरोबर.

समुपदेशनाच्या ठरलेल्या फेऱ्या मी फोनवर केल्या. फोन मी करायचा नाही. बोट बंदराला लागली की त्यांनी मिस्ड कॉल द्यायचा, मग मी उलट फोन करायचा. कधी रात्री नऊला यायचा, कधी पहाटे. घरी कोणी जायचं नाही, असं कार्डाच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं. आणि गोळ्या मोजणं बंद केलं. त्याऐवजी 'या फेरीत किती राहिल्या?' एवढंच विचारायचं. पहिल्यांदा 'एकव नाय' म्हणाले. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा थोडा वेळ गप्प राहून 'दोन' म्हणाले.

निष्पत्ती

जुलै २०२३, बंदीच्या काळात, पुन्हा व्हायरल लोड. विषाणू आढळला नाही. २०२४ मध्येही तसंच. पत्नीची तपासणी दर सहा महिन्यांनी, निगेटिव्ह.

पण ऑक्टोबर २०२४ मध्ये एकदा अडकले. वाऱ्यामुळे बोट दुसऱ्या जिल्ह्यातल्या बंदरात आसऱ्याला गेली, मग इंजिनाचं काम निघालं, आणि डबीत फेरीपुरत्याच गोळ्या. नऊ दिवस औषध चुकलं. तिथल्या एआरटी केंद्रातून तात्पुरतं औषध घेता आलं असतं, रुग्णाजवळ असणारं उपचाराच्या नोंदींचं हिरवं पुस्तक मात्र घरी. मी तिथल्या समुपदेशकाशी बोलून ठेवलं, तरी ते गेले नाहीत. अनोळखी हॉस्पिटलच्या दारात उभं राहून 'एआरटी कुठे?' विचारायचं धैर्य झालं नाही. पण चौथ्या दिवशी मिस्ड कॉल आला होता. २०२२ ला तो आला नसता. आता डबीत फेरीच्या दुप्पट गोळ्या असतात, आणि हिरव्या पुस्तकाच्या पहिल्या पानाचा फोटो पत्नीच्या मोबाइलमध्ये.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, सुरुवातीच्याच भेटीत वर्षाचं वेळापत्रक विचारायला हवं होतं. पत्ता, शिक्षण, व्यसन, जोडीदार, हे सगळं आमच्या फॉर्मवर आहे. 'कामामुळे कोणत्या महिन्यांत, किती दिवस घराबाहेर?' हे नाही. आमच्याकडे बोटीवाले आहेत, आंब्याच्या हंगामात मार्च ते मे बागेतच राहणारे राखणदार आहेत, ट्रकवाले आहेत, गणपती आणि शिमग्याला मुंबईहून येणारे चाकरमानी आहेत. सगळ्यांना तीस दिवसांचं एकच माप. आता मी फॉर्मच्या मागच्या बाजूला बारा चौकोन आखते आणि माणूस कधी कुठे असतो ते पेन्सिलने भरते.

घरभेटीचा निर्णय तर माझाच होता. फोन बंद म्हणजे घरी जाणं, ही साखळी इतकी अंगवळणी पडली होती की पत्नीचा नंबर कार्डावर होता हेही पाहिलं नाही. तिला फोन केला असता तर ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ कदाचित वाचला असता. घरभेटीची संमती उपचाराच्या सुरुवातीला घेतलेली होती, हे खरं. पण २०१९ च्या गोंधळलेल्या सकाळी केलेली सही २०२२ ला संमती धरायची का, याबद्दल माझं मत बदललंय. आता दर वर्षी नव्याने विचारते.

आणि एक गोष्ट मी हातची राखली होती. व्हायरल लोड सापडण्याइतका नसेल आणि तसाच राहिला तर लैंगिक संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही, हे मला माहीत होतं, पण मी त्यांना जुलै २०२३ पर्यंत सांगितलं नव्हतं. सांगितलं तर निरोध वापरणं सोडतील, ही भीती. तो रिपोर्ट आल्यावर सांगितलं तेव्हा दोघंही बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पत्नीने विचारलं, 'ह्या आधी सांगूक काय झाला होता?' त्या चार वर्षांत ते आपल्याच घरात बायकोपासून वेगळे झोपत होते, हे मला त्या दिवशी कळलं. औषध टिकवायला यापेक्षा मोठं कारण मी दुसरं कुठलं देऊ शकले असते?

डॉक्टरांची बदली झाली आहे. नव्या डॉक्टरांनी कार्डावरची जुनी नोंद वाचून तीन महिने चालू ठेवले, पण इतर दोन खलाशांच्या कार्डावर अशी नोंद नव्हती, त्यांना पुन्हा महिन्यावर आणलं. मी कारणं लिहून दिली आहेत, अजून निर्णय नाही.

गेल्या जूनमध्ये बंदी लागली त्या आठवड्यात तांडेल बऱ्याच दिवसांनी स्वतः आले. औषध पत्नीने आधीच नेलं होतं, यायची गरज नव्हती. खिशातून ती छोटी डबी काढली, कापूस बाजूला केला आणि टेबलावर पालथी केली.

'ह्यो चार उरल्यो,' म्हणाले.

मी मोजल्या नाहीत.